गालाच्या पेशीत केंद्रकच का दिसते?

प्रश्न : गालाच्या आतल्या पेशींची स्लाइड मिथिलीन ब्लूने रंगवून ४०० पट मोठी करून पाहिली. मधे एक गडद ठिपका, भोवती फिकट निळा भाग, बस. पुस्तकातल्या आकृतीतली तंतुकणिका (पेशीची ऊर्जा बनवणारी), गॉल्गी संकुल (प्रथिने पाठवणीसाठी तयार करणारे), रायबोसोम (प्रथिने बनवणारे) कुठे गेले? काही पेशींवर बारीक निळे कण होते. त्याच तंतुकणिका का?
– अकरावीची विद्यार्थिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : स्लाइड बरोबर आहे. ते बारीक कण बहुतेक तोंडातले जिवाणू. पेशीच्या कडेबाहेरही तसेच कण दिसले तर खात्रीच समज.

मिथिलीन ब्लू धनभारित असते, म्हणून ते ऋणभारित डीएनए-आरएनएला चिकटते. डीएनए केंद्रकात दाटलेला, त्यामुळे तिथे रंग गडद. रायबोसोम जेमतेम २५-३० नॅनोमीटरचा आणि साध्या सूक्ष्मदर्शीची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर. तो कितीही रंगवला तरी सुटा दिसणार नाही. तंतुकणिकेचे तसे नाही. तिची जाडी अर्धा ते एक मायक्रोमीटर, म्हणजे आकार पुरेसा. पण ती पारदर्शक असते आणि हा रंग तिला उठाव देत नाही. त्यासाठी जेनस ग्रीन बी हा रंग अगदी पातळ करून जिवंत पेशींना द्यावा लागतो. तंतुकणिकेत तो हिरवट-निळा टिकतो, बाकी पेशीद्रवात रंगहीन होतो. पेशी वाळली की हा प्रयोग फसतो. बघायला १०० पटीचे तेल-भिंग (स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून वापरायचे वस्तुभिंग, १० पटीच्या नेत्रभिंगासह एकूण १००० पट) हवे. गालाच्या वरच्या थरातल्या पेशी झडायला आलेल्या असतात, तेव्हा फार भरगच्च दृश्याची अपेक्षा नको.

पुढच्या वेळी पोहे-शेव खाऊन थेट प्रयोगशाळेत जाऊ नकोस. आधी दोनदा खळखळून चूळ भर, नाहीतर अन्नाचे कणच रंगवत बसशील. खरवडलेल्या पेशी ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात (१०० मिलीला ०.९ ग्रॅम) पसरव. रंगाचा एकच थेंब पुरे, जादा झाला तर केंद्रकही निळाईत बुडते. कव्हरस्लिप तिरकी टेकवून सावकाश सोड. एकदम टाकली की बुडबुडे अडकतात, आणि काळ्या कडेचे ते गोल नवशिक्यांना हमखास पेशी वाटतात.

प्रश्न : माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रकही नसते. मग ती जगते कशी?
– एक पालक, इंदूर

उत्तर : अस्थिमज्जेत तयार होताना तिला केंद्रक असते, ते बाहेर टाकले जाते आणि पाठोपाठ तंतुकणिका व रायबोसोमही जातात. ऊर्जा पेशीद्रवातच ग्लुकोज फोडून मिळते, ग्लुकोजच्या एका रेणूमागे निव्वळ २ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू). नवी प्रथिने बनवता येत नसल्याने झीज भरून निघत नाही, म्हणून आयुष्य सुमारे १२० दिवस. बेडकाच्या आणि कोंबडीच्या तांबड्या पेशीत मात्र केंद्रक असते.