नकार आला? आधी मुदत मोजा

भाऊ, वैद्यकीय मूल्यांकन बोर्डाने नव्या मेडिकल कॉलेजचा प्रस्ताव फेटाळला म्हणून लगेच हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात धावू नका. धुळे, जळगाव, नंदुरबारची रिट याचिका तिथेच जाते, पण 'अपील केलं का?' हा प्रश्न तिथेही पहिला येतो. 2019च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम 28 प्रमाणे या आयोगाकडे अपील 15 दिवसांत करायचं. आयोगाने 45 दिवसांत ठरवायचं. मग दुसरं अपील केंद्र सरकारकडे. नकाराचा ईमेल कधी आला, त्याची प्रिंट आजच फाईलला लावा.

अपिलात 'खानदेशात डॉक्टर कमी' यावर पानं भरू नका. ती बाजू राज्याच्या आवश्यकता प्रमाणपत्रात, म्हणजे कॉलेजची गरज आहे या दाखल्यात, आलीच. बोर्डाने दाखवलेल्या त्रुटी एकेक घ्या. प्राध्यापक कमी दाखवलेत? आधारची हजेरी आणि पगाराच्या बँक नोंदी जोडा. खाटा रिकाम्या? रुग्ण भरतीचं रजिस्टर लॅबच्या नोंदवहीशी जुळतंय का, ओळ न ओळ बघा. विसंगती सापडली की उरलेल्या कागदांवरही संशय येतो. पोळ्याला वॉर्ड ओस पडतो हे आपल्याला कळतं, दिल्लीला कागदच लागतो.

आणि कोर्टाच्या अंतरिम (तात्पुरत्या) आदेशावर पोरांना प्रवेश देऊ नका, कुणी कितीही सांगो. परवानगी टिकली नाही तर त्यांची वर्षं जातात, अन् आईबाप तुमच्या ऑफिसात येऊन बसतात.