अल्फा चांगला आला, पण मोजलं काय?

प्रश्न : मी टीवायबीएला आहे, सायकॉलॉजी स्पेशल. प्रोजेक्टसाठी 'परीक्षेचा ताण' या विषयावर स्वतः २० विधानांचा गूगल फॉर्म बनवला आणि फेब्रुवारीत वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ६० जणांनी भरला, अल्फा ०.८६ आला. मला वाटलं झालं काम, पण मॅडम म्हणतात व्हॅलिडिटीचं काय? आता सगळं परत करू का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : सगळं परत नको करू, पण मॅडमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. व्हॅलिडिटी म्हणजे जे मोजायचं होतं तेच मोजलं गेलं का. क्रोनबाख या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली मांडलेला हा अल्फा फक्त एवढंच सांगतो की तुझी विधानं एकमेकांशी किती जुळून चालतात, कशाबद्दल जुळतात ते नाही. एकच विधान शब्द फिरवून चार वेळा घातलं तरी अल्फा मस्त वर जातो.

आता समज तुझं एक विधान असं आहे, 'मला रात्री झोप लागत नाही'. फॉर्म गेला फेब्रुवारीत, आणि वर्गात निफाड-दिंडोरीकडची मुलं असणारच. तेव्हा तिकडे द्राक्षाची काढणी चालू असते, नुसतं आभाळ भरून आलं तरी अख्खं घर जागं, कारण पाऊस पडला आणि मणी तडकले की व्यापारी भाव पाडतो नाहीतर मालच घेत नाही. त्या पोराने 'पूर्ण सहमत'वर टिक केलं ते बागेच्या काळजीने आणि तुझ्या बेरजेत ते गेलं परीक्षेचा ताण म्हणून. बरं, झोप नाही, भूक नाही, चिडचिड, हे सगळं त्याला एकदमच होतंय, म्हणजे ही तीन विधानं छान जुळतात आणि अल्फा उलट वाढतो! रिलायबिलिटी आहे, म्हणजे उत्तरं एकमेकांशी जुळतात, पण मोजली गेली द्राक्षाची काळजी. मॅडम हेच विचारतायत.

म्हणून विधानात परीक्षा दिसली पाहिजे. 'पेपरच्या आदल्या रात्री पेपरच्या विचाराने मला झोप लागत नाही', असं. आणि 'पेपर बघून मला घाम फुटतो आणि काहीच आठवत नाही' अशी जोडविधानं असतील तर तोडून टाक, ज्याला नुसताच घाम फुटतो त्याने टिक कुठे करायची? शिवाय या दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत. लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ मध्येच परीक्षेच्या चिंतेचे दोन भाग दाखवले होते, एक डोक्यातली काळजी (नापास झालो तर, लोक काय म्हणतील) आणि दुसरा शरीराची धडधड. मार्कांना जास्त मारक ठरते ती काळजी. तुझ्या फॉर्ममध्ये दोन्ही असतील तर दोन वेगळ्या बेरजा कर, एका आकड्यात कोंबू नको.

मग पाच-सहा ज्युनियर्सना समोर बसव, त्यात शहरातले आणि रोज एसटीने ये-जा करणारे दोन्ही घे, प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लाव आणि विचार, 'हे वाचून तुझ्या मनात काय आलं?' माझ्या मते विद्यार्थी सगळ्यात जास्त टाळतात ती हीच पायरी, आणि सगळ्यात जास्त कळतं ते इथेच. दुसरं, कोहेन आणि सहकाऱ्यांचा १९८३ चा पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल आहे, रोजच्या एकूण ताणाचा, त्याचं १० विधानांचं रूप सोबत भरून घे. मराठी तूच केलंस तर दुसऱ्या कुणाकडून ते परत इंग्रजीत करून घे आणि मूळाशी ताडून बघ. तुझ्या स्केलचा त्याच्याशी थोडाफार संबंध यायला हवा, पण दोन्ही जवळजवळ एकच निघाले तर तू परीक्षेचा नाही, एकूणच ताण मोजलास.

आणि रिपोर्टमध्ये सरळ लिही की हे ६० जण एकाच ग्रुपमधले, ज्यांना भरावंसं वाटलं त्यांनीच भरलं. 'नाशिकचे विद्यार्थी' असं शीर्षक देऊ नको.

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलाचा मोबाईल अ‍ॅपवर आयक्यू १४२ आला. वरच्या वर्गात टाकायला शाळेशी बोलू का?
– एक आई, सिडको

उत्तर : ताई, या आकड्यावर नका बोलू. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरतात) १५ धरलं तर १४२ किंवा वर हजारात दोन-तीन मुलंच येतात, आणि अ‍ॅप त्याची तुलना नेमकी कुठल्या मुलांशी करतंय हे ते सांगतच नाही. बीने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली तीच मुळी शाळेत कुणाला जास्त मदत लागेल हे ओळखायला. आपल्याकडे कामतांनी त्यावरून मराठी आणि कन्नड मुलांसाठी बीने-कामत चाचणी बनवली, ती एकेका मुलाला समोर बसवून घेतात, म्हणजे पोरगं दमलंय, कंटाळलंय हे घेणाऱ्याला दिसतं. तिचे नॉर्म्स, म्हणजे ज्यांच्याशी मुलाची तुलना होते ते आकडे, मात्र जुने आहेत. म्हणून खरंच चाचणी करायची असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा, कुठली चाचणी आणि तिचे नॉर्म्स कधीचे हे आधी विचारा, आणि वर्गशिक्षिकेचं निरीक्षण लिहून घेऊन जा. अ‍ॅप पैसे भरून सविस्तर रिपोर्ट घ्या म्हणत असेल तर घेऊ नका.