इंग्रजीतली गतिवाचक क्रियापदं: अर्थ काय, गट कसे पाडायचे?

गो, एंटर, रन, रोल ही सगळी हालचालीचीच क्रियापदं, मग त्यांचे वेगवेगळे गट कशाला, असं तुम्ही विचारलंय. यवतमाळकडच्या एका खेड्यात मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. हे गट कळले की मुलांची वाक्यं सुधारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बघा, क्रियापद दिशा सांगतं की रीत? एंटर, अराइव्ह, फॉल दिशा सांगतात. एंटर म्हटल्यावर माणूस आत गेला एवढं कळतं. धावत गेला की रांगत, ते नाही. रन, लिंप (लंगडणं), क्रॉल (रांगणं) यांचं उलट आहे. त्यांत रीत कळते आणि दिशा इन, आउट, अक्रॉस असे छोटे शब्द दाखवतात. ‘म्हातारा लंगडत वावरातून बाहेर आला’ या वाक्यात आपलं मुख्य क्रियापद ‘आला’ आहे, लंगडणं त्याच्या मागं. इंग्रजी ‘लिंप्ड आउट ऑफ द फील्ड’ म्हणून लंगडण्यालाच मुख्य क्रियापद करते. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ मध्ये भाषाभाषांतला हा फरक मांडला. स्पॅनिशची ठेवणही बरीचशी आपल्यासारखी.

भाषाशास्त्रज्ञ बेथ लेव्हिन यांनी इंग्रजी क्रियापदांच्या १९९३ च्या वर्गीकरणात रीतवाल्यांचेही दोन भाग केलेत. बंडीचं चाक रोल होतं, त्यात चाकाची इच्छा नसते. ‘ही रोल्ड द व्हील’ असंही म्हणता येतं. क्रॉल रनच्या गटातलं, तिथं हलणारा स्वतःच्या बळावर हलतो, म्हणून ‘शी क्रॉल्ड द बेबी’ चालत नाही. याच गटातल्या मार्चला मात्र दिशा जोडली की ‘ही मार्च्ड द सोल्जर्स टु द टेंट्स’ अगदी बरोबर. वाहनांची क्रियापदं म्हणजे सायकल, ड्राइव्ह. पाठलागाची चेस, फॉलो. सोबतीची लीड, एस्कॉर्ट. हे गट नावावरूनच कळतात.

आणखी एक कसोटी वेळेची. ‘वॉक्ड फॉर ॲन अवर’ चालतं, ‘अराइव्ह्ड फॉर ॲन अवर’ नाही. पोहोचणं एका क्षणात होऊन जातं.

आमच्याकडची मुलं हमखास ‘रीच्ड टु नागपूर’, ‘एंटर्ड इन द क्लास’ लिहितात. रीच आणि एंटर यांच्यात ‘पर्यंत’ आणि ‘आत’ आधीच आहे, त्यांना थेट कर्म द्या. अराइव्ह दिशेच्याच गटातलं असूनही ॲट किंवा इन मागतं, तेवढं वेगळं पाठ करा.