सी अँड ओ कालव्याचा टोपाथ: चढ, चिखल आणि पंपाचं पाणी

अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठाने जाणाऱ्या चेसापीक अँड ओहायो, म्हणजे सी अँड ओ कालव्याचं काम १८२८ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या बाजूने सुरू झालं आणि १८५० मध्ये मेरीलँड राज्यातल्या कंबरलँडला, म्हणजे दुसऱ्या टोकाला पोहोचलं. १९२४ च्या पुरानंतर नौका कायमच्या थांबल्या. खेचरं ज्या काठावरून मालनौका ओढत, तो १८४.५ मैलांचा टोपाथ आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. मैलाचे खांब वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाऊनच्या शून्यापासून मोजलेले आहेत. खालच्या उत्तरांत ‘मैल १५६’ असं म्हटलं की त्या खांबाचा आकडा समजावा.

प्रश्न: पूर्ण टोपाथ सायकलने सहा दिवसांत करायचा आहे. कंबरलँडहून निघालं तर उतार मिळतो असं ऐकलं. खरं का?

उतार आहे, पण पायांना कळणार नाही. १८४ मैलांत एकूण फरक ६०५ फुटांचा, आणि तोही ७४ लॉकमध्ये, म्हणजे नौका वर-खाली करणाऱ्या दारांच्या हौदांमध्ये, वाटलेला. लॉक आला की वाट दहा-वीस पावलांत आठेक फूट खाली येते, मग पुढचा लॉक येईपर्यंत सपाट. दिशा ठरवावी ती रेल्वेवरून. अ‍ॅमट्रॅकची गाडी वॉशिंग्टनहून कंबरलँडला दिवसातून एकदाच जाते. सायकलसाठी जागा आधी राखावी लागते आणि गाडीला उशीर झाला तर पूर्ण वेळापत्रक कोलमडतं. म्हणून रेल्वेचा प्रवास आधी उरकावा आणि सायकल वॉशिंग्टनकडे हाकावी. मग शेवटच्या दिवशी गाडी गाठायची घाई उरत नाही.

मुक्काम असे बसतात: पहिल्या दिवशी पॉ पॉ (मैल १५६), मग हॅन्कॉक (१२४), विल्यम्सपोर्ट (९९), हार्पर्स फेरीसमोर (६०), हॉर्सपेन ब्रँच (२६) आणि सहाव्या दिवशी जॉर्जटाऊन. चौथा दिवस ३९ मैलांचा, सगळ्यांत लांब. पॉ पॉ ते हॅन्कॉकमध्ये दुकानांचा भरवसा धरू नका, दिवसभराचं खाणं पिशवीत असू द्या. चालत करणाऱ्यांनी रोज १५ मैल धरले तर बारा-तेरा दिवस लागतात.

प्रश्न: पाऊस झाला की मडगार्डमध्ये चिखल भरून चाक जाम होतं. मडगार्ड काढूनच टाकावं का?

काढू नका, फट वाढवा. टोपाथ हा मातीचा बांध आहे. कालव्यातलं पाणी झिरपू नये म्हणून पात्र आणि काठ चिकणमातीने मळून घट्ट केलेले असत. जी माती पाणी अडवते, तीच वरून पडलेलं पाणीही जिरू देत नाही. त्यात कुजलेला पाला आणि बारीक खडी मिसळली की चाकाला चिकटणारा गारा तयार होतो. टायर आणि मडगार्डमध्ये ५-६ मिलिमीटरच अंतर असेल तर तो आतच दाबला जातो. १२ मिलिमीटर तरी मोकळं हवं. त्याहून बारीक फटीचं मडगार्ड असेल तर पुढच्या मडगार्डचं खालचं टोक कापून लहान करावं. चिखल सर्वांत आधी अडकतो तो पुढे फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दुभागी दांड्याच्या) माथ्याशी आणि मागे ब्रेकच्या आडव्या नळीशी. तिथे काडी घालून ओला असतानाच खरवडा, कारण वाळला की पक्क्या विटेसारखा होतो.

टायर ३८ ते ४५ मिलिमीटरचा, थोडी नक्षी असलेला घ्या आणि हवा नेहमीपेक्षा १०-१५ टक्के कमी ठेवा. २८ चा टायर कोरड्यात चालतो, ओल्यात रुततो. साखळीवर आधीचा गारा पुसल्याशिवाय तेल सोडू नका. तेल आणि खडी एकत्र आले की साखळी आणि दातेरी चक्रं दोन्ही घासली जातात. रिम-ब्रेक असेल तर पॅडची एक जादा जोडी बरोबर हवी, ओल्या खडीत ती झपाट्याने झिजतात. कंबरलँडकडच्या भागात वाट दोन चाकोऱ्यांची आहे, मध्ये गवताचा पट्टा. गवतावर पकड चांगली मिळते, पण त्याखाली मुळं लपलेली असतात.

पाऊस थांबायची चिन्हं नसतील तर सरळ वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेलवर चढा. लिटल ऑर्लिअन्सपासून बिग पूलपर्यंत ती डांबरी वाट टोपाथला समांतर जाते, सुमारे २८ मैल. मधला इंडिगो बोगदा वटवाघळांसाठी बंद आहे, तेवढ्यापुरतं टोपाथवर उतरावं लागतं. टोपाथ सोडला म्हणून कोणी हसत नाही.

प्रश्न: वाटेवरच्या फुकट तळांवर राहता येतं का? पाणी मिळतं का?

पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठीचे हे ‘हायकर-बायकर’ तळ साधारण ५ ते १० मैलांवर आहेत. भाडं नाही, आरक्षण नाही. एका तळावर एकच रात्र राहायचं. टेबल, शेगडी, शौचालय आणि हातपंप असतो. पंपाच्या पाण्यात आयोडीन घातलेलं असतं, चव लागतेच. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पंप बंद असतात, आणि एरवीही पाण्याची तपासणी बिघडली की दांडा काढून नेतात. म्हणून अंगावर अडीच-तीन लिटर पाणी ठेवा, एका पंपावर विसंबू नका. कालव्याचं किंवा नदीचं पाणी गाळणीतून काढून प्यायचा मोह टाळा. गाळणी जंतू अडवते, शेतातून आलेली रसायनं अडवत नाही. कचरापेट्याही नाहीत, स्वतःचा कचरा स्वतःच परत न्यायचा.

मैल २६ च्या पुढे जॉर्जटाऊनकडे असा तळ नाही. वरचा शेवटचा मुक्काम हॉर्सपेन ब्रँचला टाकला आहे तो यासाठीच.

प्रश्न: पॉ पॉ बोगद्यातून सायकल चालवत जाता येतं का?

नाही, हातात धरून न्यायची. बोगदा ३,११८ फूट लांब आहे, आत दिवे नाहीत, वाट अरुंद आणि खाचखळग्यांची, जागोजागी पाणी साचलेलं. मोबाईलचा उजेड पुरत नाही, डोक्याला लावायचा दिवा घ्या, म्हणजे दोन्ही हात हँडलवर राहतील. नदीची सहा मैलांची वळणं टाळण्यासाठी १८३६ मध्ये खोदायला घेतलेला हा बोगदा पुरा व्हायला १८५० उजाडलं. घाई करू नका. कठड्याच्या लाकडावर उजेड आडवा टाकला की दोरीने कापलेल्या गुळगुळीत खाचा दिसतात, काही ठिकाणी बोट बसेल इतक्या खोल. नौका ओढणाऱ्या दोरांनी त्या पडल्या आहेत.

जलसेतूंवरही, म्हणजे कालवा ओढ्या-नद्यांवरून नेणाऱ्या पुलांवरही, सायकल हातातच न्यायची. नदीपलीकडच्या हार्पर्स फेरी गावात पूल ओलांडून जायचं असेल तर मेरीलँडच्या बाजूला अरुंद लोखंडी जिना आहे. पिशव्या उतरवा, दोन खेपा करा.

प्रश्न: साठी ओलांडलेले दोघं आहोत. एकाच दिवसात पायी काय पाहावं?

ग्रेट फॉल्स, मैल १४. लॉक १५ ते २० हे सहा लॉक तिथे मैलभरात आहेत. गाडीमागे प्रवेशशुल्क पडतं. बिली गोट पायवाटेचा ‘अ’ भाग मात्र सोडा, तिथे हातांनी धरून खडक चढावे लागतात.

प्रश्न: वाटेवर समोरासमोर आल्यावर नियम काय?

उजवीकडून जायचं. आपल्याकडच्या डाव्या बाजूच्या सवयीने इथे गडबड होते. पुढच्याला मागे टाकताना घंटी वाजवून ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हणायचं आणि त्याच्या डावीकडून निघायचं. पायी माणूस आणि घोडा दोघांनाही वाट द्यायची. वेगाची मर्यादा ताशी १५ मैल आहे.

प्रश्न: गोचिडांची भीती वाटते.

भीती रास्त आहे, इथल्या गोचिडांमुळे लाइम रोग होतो. परमेथ्रिन हे कीटकनाशक फक्त कपड्यांवर फवारा, त्वचेवर नाही. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली आणि केसांत तपासा. चिकटलेली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढा. पिळू नका, तेल लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरला किंवा ताप आला तर डॉक्टरांना चावल्याची तारीख सांगा.