नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं, तरी गेम अडकतोच

प्रश्न: दादा, मी सिंहगड रोडला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या पीसीत आय५ ९४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड होतं. सुट्टीत काम करून पैसे साठवले आणि आरटीएक्स ४०६० घेतलं. पण व्हॅलोरंट गेममध्ये एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) जवळपास तेवढेच आहेत, आणि सायबरपंकमध्ये गर्दीच्या रस्त्यावर गाडी घातली की ७० वरनं एकदम ३० वर येतं, झटके बसतात. दुकानात विचारलं तर म्हणाले प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) सगळंच बदलावं लागेल. खरंच एवढं करावं लागेल का? घरी परत पैसे मागायची हिंमत नाहीये.

उत्तर: नको मागूस, आत्ता तर अजिबातच नको. आधी नक्की कुठे अडतंय ते बघू, त्याला एक रुपया लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाक, त्याच्याबरोबर रिव्हाट्यूनर येतं, त्यातनं स्क्रीनच्या कोपऱ्यात चार आकडे लाव: जीपीयू (कार्डाची चिप) युसेज, प्रत्येक कोअरचा सीपीयू (प्रोसेसर) युसेज, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि फ्रेमटाइमचा (एक फ्रेम बनायला लागणारा वेळ) ग्राफ. मग सायबरपंकमधल्या त्याच गर्दीच्या रस्त्यावर जा आणि झटका बसतो त्या क्षणी आकडे वाच. जीपीयू ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने चाललंय, सेटिंग कमी करायच्या एवढंच. पण मला वाटतं तुला जीपीयू ५०-६० वर घुटमळताना दिसेल आणि सहाच्या सहा कोअर ९०-१०० ला टेकलेले असतील.

असं का होतं ते समजून घे. प्रत्येक फ्रेममध्ये कोण कुठे उभं आहे, कुठली गाडी कुठे वळतेय, काय काय काढायचंय हे सगळं आधी प्रोसेसर ठरवतो आणि मग कार्ड ते रंगवतं. लाटणारं माणूस एकच आणि तवा मोठा आणला तर तवा नुसता तापत राहणार, पोळ्या तेवढ्याच होणार. ९४००एफ २०१९ चा, सहा कोअर सहा थ्रेड (थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारं एक काम), हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय) नाही, म्हणजे नवा गेम सहाही थ्रेड खाऊन टाकतो आणि मागे क्रोम आणि डिस्कॉर्ड उघडं असेल तर त्यांनाही त्यातलंच द्यावं लागतं, तिथे झटका बसतो. व्हॅलोरंटचं थोडं वेगळं आहे, तो गेम एक-दोन थ्रेडवरच जास्त भार टाकतो, त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये एकूण सीपीयू ६० टक्के दिसला म्हणून प्रोसेसर मोकळा आहे असं समजू नको, ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवड म्हणजे प्रत्येकाचा वेगळा ग्राफ दिसेल. खात्री करायची तर गेमचं रिझोल्यूशन १०८० वरनं ७२० कर. एफपीएस हललेच नाहीत तर कार्डाचा काही दोष नाही.

आता रॅम. १६ जीबी लिहिलंयस पण एकच १६ ची स्टिक आहे की ८-८ च्या दोन, ते लिहिलं नाहीस, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक कर, खाली उजवीकडे स्लॉट्स युज्ड दिसतं. तिथे १ असेल तर रॅम सिंगल चॅनलवर चाललीय. २६६६ ची एक स्टिक सेकंदाला साधारण २१ जीबी डेटा देते, दोन लावल्या तर ४२, आणि आधीच दमलेल्या प्रोसेसरला हा फरक चांगला जाणवतो, सरासरी एफपीएसपेक्षाही झटके कमी होण्यात जास्त. तेवढ्याच जीबीची, त्याच स्पीडची दुसरी स्टिक घे. बोर्डवर चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो, शेजारी शेजारी लावल्या तर परत सिंगल चॅनलच होतं, म्हणून मॅन्युअल बघ. आणि स्पीड २१३३ दिसत असेल तर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणारी बोर्डाची सेटिंग) जाऊन एक्सएमपी चालू कर, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडने चालेल.

कार्ड नीट बसलंय का तेही एकदा बघून घे. जीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेस अशी ओळ असते. ४०६० ला मुळात आठच लेन (डेटा जायचे रस्ते) आहेत आणि तुझा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३ चा, तर तिथे एक्स८ ३.० दिसलं पाहिजे. नुसतं डेस्कटॉपवर असताना १.१ दिसतं, घाबरू नको, कार्ड तेव्हा झोपलेलं असतं, शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू कर मग खरा आकडा येतो. एक्स४ आलं तर कार्ड खालच्या स्लॉटमध्ये गेलंय किंवा पूर्ण बसलं नाही, पीसी बंद करून वायर काढून परत नीट बसव, क्लिप लागल्याचा आवाज येईपर्यंत. ३.० वर जाणारा डेटा ४.० च्या निम्मा, एरवी त्याने फार फरक पडत नाही, पण ८ जीबीची व्हीरॅम भरली की टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) या अरुंद रस्त्यानेच ये-जा करायला लागतात आणि मग गेम अडखळतो. म्हणून टेक्श्चर अल्ट्रावर असतील तर हायवर आण, डोळ्याला फारसा फरक दिसणार नाही. बरेच गेम नवं कार्ड दिसलं की आपोआप सगळं अल्ट्रा आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा जड हिशोब) चालू करून टाकतात, तेही तपास.

सायबरपंकमध्ये क्राउड डेन्सिटी कमी कर आणि रे ट्रेसिंग बंद ठेव, दोन्हींचा भार प्रोसेसरवर येतो. नुसतं डीएलएसएस (फ्रेम कमी रिझोल्यूशनवर काढून मोठी करून दाखवणं) लावून तुला फायदा होणार नाही कारण त्याने कार्डाचं काम हलकं होतं आणि तुझं कार्ड आधीच मोकळं बसलंय. फ्रेम जनरेशनची गोष्ट वेगळी, त्यातल्या मधल्या फ्रेम कार्ड स्वतः बनवतं आणि प्रोसेसरची वाट बघत नाही, त्यामुळे मूळ एफपीएस ५०-६० असतील तिथे छान वाटतं, पण ३० ला आपटतंय तिथे माउस जडच लागणार.

एसएमपीएसबद्दल मात्र दुकानदाराचं मला पटत नाही. ४०६० ११५ वॅटचं कार्ड आहे. पॉवर कमी पडली तर बहुतेक वेळा पीसी खेळताना थेट बंद पडतो किंवा रिस्टार्ट होतो, तसं काही तू लिहिलेलं नाहीस. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा असेल तर हात लावू नको. केबिनेटमध्ये लोकल बिननावाचा आलेला असेल तर पुढेमागे जरूर बदल, ते सुरक्षेसाठी, एफपीएससाठी नाही.

एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या कशा तापतात ते तुला माहितीये, आणि रस्त्याकडेची खिडकी असेल तर केबिनेटमध्ये धुळीचा थर बसतोच. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान बघ, तुझ्या प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्री आहे, तिथवर गेलं की तो स्वतःच वेग कमी करतो. ९० च्या वर जात असेल तर कूलर काढून प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लाव, ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेव.

हे सगळं करून बघ आणि तरी समाधान झालं नाही तर मग प्रोसेसरचा विचार कर, पण पुढच्या सुट्टीत. तेव्हा आय५ १२४००एफ आणि त्याचा डीडीआर४ वाला बोर्ड घे, म्हणजे आत्ता घेतलेली रॅम तशीच चालेल, बारा थ्रेड मिळतील आणि कार्डालाही ४.० चा रस्ता मिळेल. तपकीर गल्लीत जा किंवा आणखी कुठे, डीडीआर४ आहे ना हे बॉक्सवर वाचून घे, एकाच नावाचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही प्रकारात येतात.

प्रश्न: मी हडपसरहून लिहितोय. मुलाला बारावीनंतर रेडिऑन आरएक्स ६६०० कार्ड घेऊन दिलं. पीसीत रायझन ५ ५६००जी आहे. मुलगा म्हणतो गेम अगदी पहिल्यासारखाच चालतो, काही फरक नाही. आम्ही फसलो का?

उत्तर: मला नाही तसं वाटत, काका. आज संध्याकाळी पीसीच्या मागे टॉर्च मारून बघा मॉनिटरची वायर कुठे लावलीय. यूएसबीच्या शेजारी वरती जो एचडीएमआय आहे तो मदरबोर्डचा, आणि खाली आडव्या पट्टीवर जे पोर्ट आहेत ते नव्या कार्डाचे. ५६००जी मध्ये स्वतःचं ग्राफिक्स असतं म्हणून वरच्या पोर्टातूनही चित्र येतं आणि कोणाला शंकाच येत नाही. वायर खाली लावा, मग एएमडीच्या साइटवरनं ड्रायव्हर टाकायला सांगा. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये आरएक्स ६६०० नाव असलेल्या जीपीयूचा ग्राफ वर गेला की पैसे वाया गेले नाहीत.

प्रश्न: पिंपरी. आय७ ७७०० वर इंटेल आर्क ए७५० कार्ड टाकलं. रिव्ह्यूमध्ये दाखवतात त्याच्या जवळपासही जात नाही. ड्रायव्हर दोनदा टाकून झाला.

उत्तर: ड्रायव्हर परत परत टाकून हे सुटणार नाही हो. आर्क कार्डांना रिसाइझेबल बार लागतोच, त्यात प्रोसेसर कार्डाची सगळी मेमरी एका वेळी बघू शकतो, नाहीतर २५६ एमबीच्या तुकड्या-तुकड्यांनी काम करावं लागतं आणि आर्कची रचना अशी आहे की इथे तिचं फार नुकसान होतं. इंटेल स्वतः १० व्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर सांगतं, तुमचा ७ वी पिढी. विकणाऱ्याने हे आधी विचारायला हवं होतं. बदलून देण्याची मुदत असेल तर आजच जा आणि तेवढ्याच किमतीतलं रेडिऑन किंवा जीफोर्स घ्या. घरी आल्यावर जुना ड्रायव्हर नेटची वायर काढून सेफ मोडमध्ये डीडीयू नावाच्या टूलने पूर्ण साफ करा, मगच नवा टाका.

ज्यांचा प्रोसेसर इंटेलच्या १० व्या पिढीपासून किंवा रायझन ३००० पासून पुढचा आहे त्यांनी बायोसमध्ये अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रिसाइझ बार दोन्ही चालू करा, सीएसएम (जुन्या पद्धतीने विंडोज चालू करायची सोय) बंद करा. पण त्याआधी विंडोजची डिस्क जीपीटी (नव्या प्रकारची) आहे ना ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा. एमबीआर (जुन्या प्रकारची) असेल आणि तुम्ही सीएसएम बंद केलं तर विंडोज उघडणारच नाही. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल असतं, डेटाचा बॅकअप घेऊन त्याने बदलता येतं.