तणावात असलेली किशोरवयीन मुलं विचार न करता का वागतात?

तुमची मुलगी 15 वर्षांची, एरवी समजूतदार. पण परीक्षा जवळ आली की दारं आपटते, मैत्रिणींना नको ते मेसेज पाठवते आणि तासाभराने रडत बसते. हा स्वभाव की ताण, असं तुम्ही विचारलंय.

या वयाच्या मुलांचं समुपदेशन हे माझं रोजचं काम. तुमच्या लिहिण्यातलं ‘रडत बसते’ मला महत्त्वाचं वाटलं. तिला फिकीर नसती तर ती रडली नसती.

उतावीळपणा एकाच जातीचा नसतो. व्हाइटसाइड आणि लायनम या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये त्याचे चार प्रकार मांडले: आधी विचार न करणं, काम अर्धवट टाकणं, थराराची ओढ, आणि मन बिघडलं की त्या भरात काहीतरी करून टाकणं. ताणाचं सगळ्यात घट्ट नातं या शेवटच्याशी आहे. मैत्रिणीला दुखवणं हा तिचा हेतू नसतोच, तिला आतली घालमेल थांबवायची असते. मेसेज गेला की क्षणभर हलकं वाटतं, आणि त्या क्षणाचीच सवय लागते. मग भांडण, मग अपराधीपणा, म्हणजे पुन्हा ताण.

त्यात मेंदूचा आवर घालणारा, कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास कुठे पुरता तयार होतो, आणि तीव्र ताणात तोच आधी ढिला पडतो. (आपलाही पडतो. दमून घरी आल्यावर आपण कसे बोलतो ते आठवून पाहा.)

मन आनंदात असलं की हे सगळं थांबतं, असंही नाही. मित्रांच्या घोळक्यात खुशीच्या भरातही मुलं वाटेल ते धाडस करतात. पण तो वेगळा विषय.

मी आधी झोपेबद्दल विचारते. या वयात 8 ते 10 तास झोप लागते. पण वयात येताना झोप येण्याची वेळच उशिरावर सरकते, आणि परीक्षेच्या दिवसांत उरलीसुरली झोपही जाते.

भडका उडालेला असताना ‘असं का केलंस?’ विचारू नका, त्याचं उत्तर तेव्हा तिच्याकडेही नसतं. दुसऱ्या दिवशी, शांतपणे, त्याच्या आधीच्या तासात काय झालं होतं ते विचारा. बहुतेकदा खरं कारण तिथे सापडतं.

मात्र ती स्वतःला इजा करत असेल, जगणं नको म्हणत असेल किंवा नशेकडे वळली असेल, तर परीक्षा संपायची वाट पाहू नका. लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.