भात करडा का दिसतो

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. ब्राउझर, कॅमेरा आणि स्वयंपाक अशी तीन वेडे एकदम सांभाळणे म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’, असे घरचे म्हणतात, म्हणून दोन सोडून एकच धरावे का, असे तू विचारले आहेस. माझ्या मते एकही सोडू नये. मात्र तिन्हींत तुझी एकच खोड मला दिसते: यंत्राने किंवा पुस्तकातल्या कृतीने जे आधीच ठरवून दिलेले असते, ते तुझ्याकडून विनातक्रार मान्य केले जाते.

वरणभाताचे छायाचित्रच घे. भात राखेसारखा करडा आला आहे आणि दोष फोनवर ढकलून तू मोकळे झाले आहेस. समोरची वस्तू पांढरी आहे की काळी, हे कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला मुळात कळत नाही. सगळे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे परंपरेने साधारण १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे असावे, असे गृहीत धरून तो हिशेब करतो. चौकटभर भात दिसला की त्याला उजेड जास्त झाल्यासारखा वाटतो आणि तो चित्र काळवंडवून टाकतो. अशा वेळी आपण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश वाढवायचा. फोनवर भातावर बोट टेकवून शेजारची उजेडाची पट्टी वर सरकवली की काम होते. माझा पहिला डिजिटल कॅमेरा आणला त्या वर्षी गणपतीतले एकवीस उकडीचे मोदक मी असेच करडे करून ठेवले होते, आणि वर पिवळ्या दिव्याखाली काढल्यामुळे ते शिळेही दिसत होते. आता मी ताट खिडकीशी नेतो आणि दिवा बंद करतो. वाफ दिसायला हवी असेल, तर उजेड ताटाच्या मागून यावा आणि पाठीमागे काहीतरी गडद असावे.

भाकरी कडेला चिरते, ही तुझी दुसरी तक्रार. कृतीत ‘पाणी अंदाजाने’ एवढेच लिहिलेले होते, यावर तू बराच राग काढला आहेस आणि तो निम्मा रास्त आहे. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन, नसते, त्यामुळे गव्हाच्या कणकेसारखे ते पीठ नुसते मळून धरत नाही. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच भाकरीला बांधून ठेवतो. पीठ जुने असेल तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, मग पाणी अधिक कढत लागते आणि मळणेही जास्त लागते. मी एकदा आईच्या नकळत तिच्या तांब्यातले पाणी आधी आणि नंतर मोजले होते. पहिल्या दिवशी वाटीभर पिठाला पाऊण वाटीहून थोडे कमी लागले. दोन दिवसांनी, गिरणीतून नुकत्याच आलेल्या पिठाला, माप वेगळे निघाले. तिचा अंदाज म्हणजे ढिलाई नव्हती. परातीत बोटे फिरवताना ती पीठ वाचत असे, आणि त्या वाचनाचे उत्तर कृतीत छापता येत नाही. तव्यावर टाकल्यावर वरून फिरवलेले पाणी पूर्ण सुकण्याच्या आत भाकरी उलट. उशीर झाला की तिथेच भेगा पडतात.

ब्राउझरबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे तुझी गती माझ्याहून चांगली आहे. तू चार ब्राउझर घेऊन तुलना केलीस, पण क्रोम, एज, ऑपेरा आणि ब्रेव्ह या चौघांच्या पोटात ब्लिंक हे एकच इंजिन, म्हणजे वेबपान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, आहे. एका कढईतली भाजी चार वाट्यांत वाढून चव ताडण्यासारखे ते झाले. ब्लिंक २०१३ मध्ये वेबकिट या इंजिनापासून वेगळे झाले आणि वेबकिट स्वतः केएचटीएमएल या आणखी जुन्या इंजिनातून निघाले, म्हणजे त्याचेही गोत्र जुनेच. खरी तुलना हवी असेल तर फायरफॉक्स घे, त्याचे गेको हे इंजिन निराळे आहे. मग डेव्हलपर टूल्स, म्हणजे ब्राउझरमधली पानाची आतली घडण दाखवणारी साधने, त्यांतला नेटवर्कचा भाग उघड आणि तुझेच भाकरीचे छायाचित्र वेबपानावर येताना पाहा. पडद्यावर चार बोटे रुंद दिसणारे चित्र कित्येक मेगाबाइटचे उतरत असेल, तर इथेही निवड तुझी नव्हती. फोनने दिले तसे तू पुढे लोटलेस. आणखी एक सांगतो, जे तुला आधी कोणी सांगायला हवे होते: फोनच्या कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी दिलेली असेल, तर छायाचित्राच्या फाइलमध्ये तुझ्या स्वयंपाकघराचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. ती परवानगी आजच काढून टाक.

घरच्यांशी वाद घालण्यात वेळ घालवू नकोस. येत्या रविवारी भाकऱ्या कर, पिठाचे आणि पाण्याचे माप एकदा तरी कागदावर उतरव, आणि त्यांतली एक खिडकीशी ठेवून छायाचित्र काढ. ते मला पाठव, मात्र आधी त्याचा आकार कमी कर. गावाकडचे माझे इंटरनेट अजून बैलगाडीच्या चालीने चालते. भाकरी फुगलेली नसली तरी चालेल, शेजारचा भात पांढरा दिसला पाहिजे.

तुझा,
काका